स्वप्रकाशन आणि संपादक : पैसे देऊन नकार का विकत घ्यावा?

प्रस्तावना

पुस्तक छापून घेणे आज फार सोपे झाले आहे. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करायचा, मुखपृष्ठ करून घ्यायचे, मागणीनुसार छपाई करणाऱ्या एखाद्या सेवेकडे फाइल पाठवायची, की थोड्याच दिवसांत पुस्तक हातात येते. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. पूर्वी स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याला पाचशे-हजार प्रती एकदम छापाव्या लागत आणि त्यांतल्या बऱ्याचशा घरातल्या पलंगाखाली राहत. आता मागणी आली की तेवढीच प्रत छापता येते. तुमच्यापैकी काहींनी पदवीच्या वर्षांतच आपला कवितासंग्रह किंवा छोटी कादंबरी अशी काढली असेल, काहींच्या मनात तो विचार असेल.

या वाटेवरून एक माणूस मात्र गळून पडला आहे, तो म्हणजे संपादक. पूर्वी लेखकाला प्रकाशक मिळाला की त्याच्याबरोबर, बरावाईट का होईना, संपादक मिळत असे. स्वप्रकाशनात तो आपोआप मिळत नाही. शोधावा लागतो आणि त्याचे मानधन स्वतःच्या खिशातून द्यावे लागते. म्हणून बहुतेक लेखक हा खर्च टाळतात. प्रस्तुत पाठात या टाळण्याची चिकित्सा करायची आहे. स्वप्रकाशन करणाऱ्या लेखकाने व्यावसायिक संपादक नेमावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यासाठी सहसा जे कारण दिले जाते, म्हणजे 'शुद्धलेखनाच्या चुका राहू नयेत', ते मला सर्वांत दुबळे वाटते. संपादकाची खरी गरज निराळ्या ठिकाणी आहे, आणि त्याच्याविषयीची लेखकांची भीतीही निराधार नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच हा विषय समजून घ्यावा लागेल.

संपादन या एका शब्दातली तीन कामे

मराठीत 'संपादन' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मासिक चालवणाराही संपादक, गौरवग्रंथातले लेख गोळा करणाराही संपादक आणि प्रुफे तपासणाराही कधी कधी संपादकच. स्वप्रकाशनाच्या संदर्भात निदान तीन कामे वेगळी ओळखता आली पाहिजेत.

शेवटून सुरुवात करू. पुस्तकाची पाने जुळवून झाली की मुद्रितशोधन होते. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेले अनुस्वार, दोनदा पडलेली ओळ, चुकीचा पृष्ठक्रमांक या गोष्टी मुद्रितशोधक पाहतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर हे त्याचे हत्यार. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर जातो, 'ऱ्या' मोडतो. तेही तोच पकडतो. संगणकाचा शब्दतपासनीस इथे काही अंशी उपयोगी पडतो, पण 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा हे दोन्ही शब्द कोशात आहेत. चरख्यावर 'सुत' कातले जात असेल, तर त्याची हरकत केवळ माणूसच घेऊ शकतो.

त्याआधीचे काम भाषा-संपादनाचे. वाक्य वाकडे जाते आहे का, एकच शब्द तीन ओळींत चारदा आला आहे का, पात्राचे नाव दुसऱ्या प्रकरणात 'सुमन' आणि सातव्यात 'सुमती' झाले आहे का, हे त्यात येते.

आणि सर्वांत आधीचे, सर्वांत महागडे, सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे संहितेचे संपादन. पुस्तकाला ही सुरुवात हवी का, हे प्रकरण इथे का आहे, निवेदकाला ही गोष्ट कुठून कळली, शेवट कमावलेला आहे की नुसता आणलेला, असे प्रश्न विचारणारा हा संपादक. 'व्यावसायिक संपादक नेमा' असे मी म्हणतो तेव्हा मुख्यतः याच्याविषयी बोलतो.

एक परिच्छेद तपासून पाहू

हा फरक उदाहरणाशिवाय पटत नाही. पुढचा परिच्छेद या पाठासाठी मुद्दाम रचला आहे. एखाद्या नव्या लेखकाच्या कादंबरीची ही सुरुवात आहे असे समजा :

सकाळची कोवळी उन्हे अंगणात पसरली होती. पक्ष्यांचा किलबिलाट सुरू होता. आजी अंगणात बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते, कारण आज तिचा मुलगा म्हणजेच माझे वडील बारा वर्षांनी घरी येणार होते व त्यामुळे तिला खूप आनंद झाला होता.

मुद्रितशोधकाला इथे एकही चूक सापडणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ ठीक, विरामचिन्हे ठीक. भाषा-संपादक पेन्सिल उचलेल. 'अंगणात' दोनदा आले आहे. 'कारण' आणि 'त्यामुळे' एकाच वाक्यात एकमेकांच्या पायात येतात. कोवळी उन्हे आणि किलबिलाट ही जोडी इतक्या पुस्तकांत इतक्या वेळा आली आहे की वाचकाची नजर त्यावरून घसरून पुढे जाते. तो चार वाक्यांची अडीच वाक्ये करील, आणि परिच्छेद निश्चितच सुधारेल.

संहितेचा संपादक मात्र ही चार वाक्ये तशीच ठेवून कादंबरी पुढे वाचत जाईल. चाळिसाव्या पानावर निवेदक सांगतो की तो दहा वर्षांचा आहे. इथे संपादक थांबेल आणि मागे येईल. वडील बारा वर्षांनी घरी येत आहेत आणि मुलगा दहा वर्षांचा आहे.

आता काय? एक तर हिशेब चुकला. 'बारा'चे 'नऊ' करून टाकायचे. किंवा मग लेखकाला स्वतःलाही न कळता कादंबरीची खरी गोष्ट इथे सापडली आहे. आजीच्या डोळ्यांतले पाणी आनंदाचे नसेलच कदाचित. ती घाबरली असेल. तसे असेल तर 'तिला खूप आनंद झाला होता' हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाचा गैरसमज म्हणून राहू शकते, आणि तेच पहिल्या पानावरचे सर्वांत मोलाचे वाक्य ठरते. भाषा-संपादकाने ते पसरट म्हणून कापले असते तर? संपादक यातले काहीच ठरवणार नाही. समासात तो एवढेच लिहील : 'बारा आणि दहा हा आकडा जाणीवपूर्वक आहे का?' या एका प्रश्नाची किंमत पन्नास ऱ्हस्व-दीर्घांपेक्षा जास्त आहे.

तुम्ही विचाराल की लेखकालाच हे का दिसू नये? लेखकाने तो मजकूर वीस वेळा वाचलेला असतो, आणि नेमके म्हणूनच त्याला तो दिसत नाही. कागदावर काय आहे यापेक्षा आपल्याला काय म्हणायचे होते तेच तो वाचतो. पहिले प्रकरण लिहिताना मुलगा त्याच्या डोक्यात चौदा वर्षांचा होता. पुढे कधीतरी तो लहान होत गेला आणि 'बारा वर्षे' मागे तशीच राहिली. मित्रमंडळी वाचतात ती प्रेमाने वाचतात. 'छान आहे, एकदम डोळ्यांसमोर उभे राहते' हा अभिप्राय खोटा नसतो, फक्त त्याचा उपयोग नसतो. घरच्यांचे तर विचारूच नका. ते आपण कुठे आलो आहोत एवढेच शोधतात.

लेखकाची भीती

'माझी भाषा कोणीतरी बदलून टाकील' ही स्वप्रकाशन करणाऱ्यांची सर्वांत मोठी हरकत असते. ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तिला सबळ आधार आहे.

महात्मा फुले यांनी आपले ग्रंथ स्वतःच्या हिमतीवर लोकांपुढे आणले. 'गुलामगिरी' १८७३ ची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांचा समाचार घेतला तेव्हा त्यांनी मुद्द्यांइतकाच व्याकरणावर आणि वाक्यरचनेवर हल्ला केला. भाषा अशुद्ध, म्हणून विचार हास्यास्पद, अशी ती मांडणी होती. फुल्यांचे गद्य बोलण्याच्या लयीत चालते, समोरच्याला थेट हाक मारते, वाक्य दम लागेपर्यंत लांबवते. चिपळूणकरांच्या वळणाच्या एखाद्या पंडिताच्या हाती ते हस्तलिखित सोपवले असते, तर त्यातला फुले किती शिल्लक राहिला असता? पुढे १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा अडथळा आपल्याच माणसांकडून आला. सत्यशोधक चळवळीशी जवळीक असलेल्या 'दीनबंधू'त सुरुवातीची प्रकरणे छापली गेली आणि पुढची थांबली. फुल्यांना त्याचा राग आला होता. म्हणजे संपादकाची कात्री केवळ व्याकरणावर चालते असे नाही. ती भीतीपोटीही चालते.

विसाव्या शतकात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. मौज प्रकाशन गृह आणि 'सत्यकथा' मासिक यांनी श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात संपादनाची जी शिस्त घालून दिली तिचा दबदबा आजही आहे. लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करायचा, कथा परत पाठवायची, पुन्हा लिहून मागवायची. अनेक लेखक या टाकीचे घाव सोसून घडले. पण त्याच 'सत्यकथे'वर साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांच्या तरुणांनी बंड केले. १९६९ मध्ये राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली आणि 'सत्यकथे'चा अंक जाळण्यापर्यंत प्रकरण गेले. या मासिकाची अभिरुची ठरावीक वर्गाची आहे, ती आमच्या भाषेला आणि जगण्याला दार उघडत नाही, हा त्यामागचा आक्षेप होता.

हा आक्षेप तुमच्यापैकी अनेकांचा आजचाही असू शकतो. नागपूर-अमरावतीकडचा विद्यार्थी 'मी जाऊन राहिलो' असे लिहील. इंदूर, बडोदा किंवा हैदराबादमध्ये वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या वाक्यात हिंदी, गुजराती किंवा तेलुगू वळण डोकावेल. अशा वाक्याखाली लाल रेघ ओढून 'मी जात आहे' करणारा संपादक मिळाला, तर पैसे देऊन स्वतःचा आवाज घालवल्यासारखे होईल.

पण हीच जागा थोडी जवळून पाहा. निवेदक तिसऱ्या पानावर 'जाऊन राहिलो' म्हणतो, नवव्यावर 'जात आहे' म्हणतो आणि अकराव्यावर 'जातोय' म्हणतो. यात बोलीचा अभिमान नाही; लेखकाचे कान तीन ठिकाणी तीन वेगळ्या माणसांचे ऐकत आहेत. चांगला संपादक विचारील की हा माणूस नेमका कसा बोलतो, आणि सबंध पुस्तकभर तो तसाच बोलेल याची काळजी घेईल. बोलीत लिहिणाऱ्याला संपादकाची गरज प्रमाण मराठीत लिहिणाऱ्यापेक्षा जास्त असते असे मला वाटते, कारण प्रमाणभाषेला नियमांचे पुस्तक तरी आहे. बोलीतल्या लेखनाचा नियम त्या पुस्तकालाच घडवावा लागतो आणि पाळावा लागतो.

कार्व्हर आणि लिश : संपादक जास्तच वरचढ ठरतो तेव्हा

संपादकाच्या अधिकाराची चर्चा रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराशिवाय पूर्ण होत नाही. १९८१ मध्ये आल्फ्रेड नॉफ या प्रकाशनसंस्थेने त्याचा 'व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह' हा संग्रह काढला. संपादक होता गॉर्डन लिश. या संग्रहाने कार्व्हरचे नाव झाले आणि कमीत कमी शब्दांत लिहिणारा कथाकार अशी त्याची ख्याती पसरली. पण मूळ हस्तलिखिताचा निम्म्याहून अधिक भाग लिशने कापला होता, शेवट बदलले होते, शीर्षके बदलली होती. जुलै १९८० मध्ये कार्व्हरने लिशला काकुळतीचे पत्र लिहून हे पुस्तक थांबवण्याची विनंती केली होती. ते थांबले नाही. कार्व्हर १९८८ मध्ये गेला, आणि मूळ हस्तलिखित 'बिगिनर्स' या नावाने २००९ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले.

त्यातली एक कथा आपण नीट पाहू, कारण तिची दोन्ही रूपे सहज मिळतात. एक आई मुलाच्या वाढदिवसासाठी बेकरीत केकची ऑर्डर देते. वाढदिवसाच्या दिवशी मुलाला मोटारीची धडक बसते. तो रुग्णालयात बेशुद्ध आहे, केक आणायला कोणी गेलेले नाही, आणि तो बेकरीवाला घरी फोन करत राहतो. त्याला काहीच माहीत नाही. आईवडिलांच्या ध्यानातून केक पार गेलेला आहे. लिशने संपादित केलेल्या रूपात कथेचे नाव 'द बाथ'. आई थोड्या वेळासाठी घरी येते, फोन वाजतो, पलीकडचा आवाज मुलाचे नाव घेतो, आणि कथा तिथेच संपते. मुलगा जगला की गेला, फोन रुग्णालयाचा की बेकरीवाल्याचा, काही सांगितलेले नाही. वाचक त्या फोनसह अधांतरी राहतो.

कार्व्हरने पुढे १९८३ च्या 'कथीड्रल' या संग्रहात हीच कथा 'अ स्मॉल, गुड थिंग' या नावाने विस्ताराने छापली. तिथे मुलगा मरतो. फोन कोणाचे आहेत हे लक्षात येताच आईवडील संतापाने रात्री बेकरीत जातात. बेकरीवाल्याला खरी गोष्ट कळते, तो माफी मागतो, त्यांना बसवतो, भट्टीतून काढलेला गरम पाव खायला देतो आणि स्वतःच्या एकट्या आयुष्याविषयी बोलतो. उजाडेपर्यंत तिघे तिथेच बसून राहतात.

'द बाथ' ही दुबळी कथा आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यातली भीती अस्सल आहे, आणि लिशचा कान तयार होता यात शंका नाही. पण त्याने शब्द कमी केले नाहीत, कथेचा निवाडा बदलला. कार्व्हरच्या जगात परक्या माणसाने दिलेल्या पावाला काही किंमत आहे. लिशच्या कथेत फोनपलीकडे फक्त धमकी आहे. पाल्हाळ कापणे हे संपादकाचे काम खरेच, पण पात्रांना क्षमा मिळावी की नाही हे ठरवणे त्याचे काम नव्हे. मला 'अ स्मॉल, गुड थिंग' अधिक मोठी कथा वाटते. तुम्हाला उलट वाटू शकेल, आणि त्यावर वर्गात भांडण व्हायला हरकत नाही.

आता या प्रकरणाचा आपल्या विषयाशी संबंध पाहा. कार्व्हर लिशला रोखू का शकला नाही? मूळ फाइल, म्हणजे त्या काळच्या भाषेत छापखान्याकडे जाणारी प्रत, प्रकाशकाच्या ताब्यात होती. संपादक प्रकाशकाचा माणूस होता. शेवटचा शब्द लेखकाचा नव्हता.

स्वप्रकाशनात हे सगळे उलटते. स्वामित्वहक्क तुमचा, फाइल तुमची, छपाईची आज्ञा तुमची. संपादकाने सुचवलेला प्रत्येक बदल तुम्ही एकेक करून स्वीकारू शकता किंवा पुसू शकता. म्हणजे 'संपादक माझा आवाज मारील' या भीतीला जिथे सर्वांत कमी जागा आहे, नेमके तिथलेच लेखक ती भीती पुढे करून संपादक टाळतात. कार्व्हरला जे संरक्षण मिळाले नाही ते तुमच्याकडे आपसूक आहे.

उलटा धोका

मात्र याच उलटापालटीतून दुसरा धोका निर्माण होतो, आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. प्रकाशनसंस्थेतला संपादक लेखकाला 'नाही' म्हणू शकतो, कारण पुस्तकात संस्थेचे पैसे अडकणार असतात. तुम्ही नेमलेल्या संपादकाला पैसे तुम्ही देता. ज्याच्याकडून मानधन घ्यायचे त्याला 'तुमची पहिली साठ पाने अनावश्यक आहेत' असे सांगायला धारिष्ट लागते. बरेच जण सांगत नाहीत. ते ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, दोन कौतुकाची वाक्ये लिहितात आणि फाइल परत पाठवतात. स्वप्रकाशनाच्या 'पॅकेज'मध्ये मुखपृष्ठ, पृष्ठरचना आणि आयएसबीएन यांच्या जोडीला जे 'संपादन' लिहिलेले असते, ते प्रत्यक्षात पुष्कळदा केवळ मुद्रितशोधन असते. पॅकेज विकणाऱ्याला पुस्तक निघण्यात रस असतो. ते अजून वर्षभर थांबावे असे तो का म्हणेल?

म्हणून नकार मागून घ्यावा लागतो. संपादकाशी पहिले बोलणे करताना फाइल सुधारायला देऊ नका. आधी वाचन-अहवाल मागा. संहिता वाचून चार-पाच पानांत लेखी अभिप्राय, आणि त्यात एका प्रश्नाचे सरळ उत्तर : हे पुस्तक आज, या रूपात छापावे का? उत्तर काहीही आले तरी अहवालाचे मानधन पूर्ण मिळेल हे आधीच सांगून टाका. मग त्याला खोटे बोलण्याचे कारण उरत नाही. पुढचे काम द्यायचे तर दहा पानांचे नमुना-संपादन पाहून ठरवा. त्या दहा पानांत नुसत्या दुरुस्त्याच असतील आणि एकही प्रश्न नसेल, तर तो मुद्रितशोधक आहे. चांगला असेलही, पण तुम्हाला हवा आहे तो माणूस नव्हे. किती फेऱ्या होतील, बदल खुणांसह दिसतील का, मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हे लिहून घ्या.

बंडखोरांनी काय केले?

लघुनियतकालिकांच्या पिढीने प्रस्थापित संपादक नाकारला. पण पुस्तके काढायची वेळ आली तेव्हा या पिढीने संपादनच सोडून दिले का? १९७६ मध्ये मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाऊस' ही प्रकाशनाची सहकारी स्वरूपाची योजना सुरू केली. कोलटकरांची 'जेजुरी' तिथूनच आली आणि पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. कवींनीच कवींची पुस्तके काढायची, म्हणजे एका अर्थी हे स्वप्रकाशनच. पण इथे प्रत्येक कवीच्या पलीकडे तीन तयार वाचक होते, आणि ते त्याचे चाहते नव्हते, समकक्ष होते. मराठीत अशोक शहाणे यांचे 'प्रास प्रकाशन' पाहा. १९७७ चे 'अरुण कोलटकरच्या कविता' तिथले. लघुनियतकालिकांच्या चळवळीतलाच हा माणूस, पण छापील अक्षराबाबत कमालीचा काटेकोर. प्रस्थापित संपादकाला विरोध केला म्हणून त्यांनी दुसऱ्याच्या नजरेचा त्याग केला नाही. त्यांनी ती नजर आपल्यातून निवडली.

याच्या शेजारी आजचा एक युक्तिवाद ठेवून पाहू : वाचकच संपादक होतील. अँडी वेअरच्या 'द मार्शन'चे उदाहरण त्यासाठी नेहमी दिले जाते. त्याने ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने आपल्या संकेतस्थळावर टाकली, वाचकांनी तिच्यातल्या विज्ञानाच्या चुका कळवल्या, २०११ मध्ये ती किंडलवर स्वस्तात आली, २०१४ मध्ये क्राउन या मोठ्या प्रकाशनाने काढली. सगळे खरे आहे. पण वाचकांनी काय दुरुस्त केले ते पाहा : गणित, रसायनशास्त्र, तपशील. चूक की बरोबर हे ठरवता येते अशा गोष्टी गर्दी उत्तम पकडते. 'ही गोष्ट तू चुकीच्या माणसाच्या तोंडून सांगतो आहेस' असे गर्दी सांगत नाही. कंटाळा आला तर ती निघून जाते, आणि का गेली हे कळवत नाही.

शिवाय दुसरी संधी सर्वांना मिळत नाही. अश्विन सांघी यांनी 'द रोझाबल लाइन' २००७ मध्ये टोपणनावाने स्वतः प्रकाशित केली आणि लगेच पुढच्या वर्षी वेस्टलँडने तिची सुधारित आवृत्ती काढली. अशी उदाहरणे लक्षात राहतात, कारण ती विरळ आहेत. एरवी पहिली आवृत्ती हीच शेवटची असते. आणि ती नाहीशीही होत नाही : १९५४ च्या पुस्तक वितरण कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांत पाठवायची असते. स्वप्रकाशनात तो प्रकाशक म्हणजे तुम्हीच. बारा आणि दहाचा घोळ तिथे कायमचा जपला जाईल.

पैशांचा प्रश्न

विद्यार्थ्याकडे पैसे नसतात, हे मला मान्य आहे. मग निदान प्राधान्य ठरवा. चकचकीत मुखपृष्ठ आणि प्रकाशन समारंभ यांवर जेवढा खर्च होतो, त्यातून एका लहान पुस्तकाचा वाचन-अहवाल कित्येकदा निघू शकतो. सबंध पुस्तक परवडत नसेल तर पहिली तीन प्रकरणे द्या. संपादकाने त्यांत विचारलेले प्रश्न पुढच्या प्रकरणांना स्वतः लावा. आत्मकथनात्मक लेखनात नातेवाईक किंवा गावातली माणसे ओळखू येत असतील, किंवा मजकुरात दुसऱ्याच्या कवितेच्या, चित्रपटगीताच्या ओळी वापरल्या असतील, तर तेवढे भाग तरी जाणकाराला दाखवलेच पाहिजेत. बदनामीची आणि स्वामित्वहक्काची जबाबदारी स्वप्रकाशकाच्या एकट्याच्या डोक्यावर असते.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक वाट आहे आणि ती फुकट आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा आजही जिवंत आहे. संग्रहाआधी त्यातल्या दोन-तीन कथा, पाच-सात कविता अंकांकडे पाठवा. परत येतील. काही वेळा का परत आल्या हेही कळेल. तो संपादक तुमच्याकडून मानधन घेत नसल्यामुळे त्याचा नकार स्वच्छ असतो. एखाद्याने दोन ओळींत कारण लिहिले तर ते पत्र जपून ठेवा आणि संग्रह करताना समोर ठेवा.

स्वाध्याय

१. स्वतःची एक कथा किंवा लेख घ्या आणि तुमच्याशी विशेष मैत्री नसलेल्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला वाचायला द्या. त्याने एकही दुरुस्ती करायची नाही. समासात केवळ प्रश्न लिहायचे. त्यांतल्या कोणत्या प्रश्नाचा तुम्हाला राग आला ते नोंदवा आणि सर्वांत आधी त्याच प्रश्नाचे उत्तर लिहा.

२. कार्व्हरच्या 'द बाथ' आणि 'अ स्मॉल, गुड थिंग' या दोन्ही कथा ग्रंथालयातून मिळवून वाचा. लिशच्या जागी तुम्ही असता तर मोठ्या कथेतला कोणता भाग कापायला सुचवले असते आणि कार्व्हरच्या जागी असता तर कोणत्या भागाला हात लावू दिला नसता, हे कथेतील प्रसंगांचा आधार देऊन लिहा.